इजिप्तची स्मारकं: कुठे आपलं आपण जावं, कुठे सहलीच्या बसमध्ये बसावं

इजिप्तला पॅकेज टूरनं जायचं की स्वतंत्र, यावर घरोघरी वाद होतात, पण सगळ्या सहलीसाठी एकच उत्तर शोधायला गेलं की ते हमखास चुकतं. हा निर्णय प्रत्येक स्मारकापाशी वेगळा घ्यायचा असतो. तिथे नेमकं काय कमी पडणार आहे, गाडी की वेळ, एवढं पाहा. दूर वाळवंटातल्या अबू सिंबेलच्या देवळांना गाडी कमी पडते, तेव्हा दुसऱ्याच्या गाडीत बसावं. लक्सरला राजांच्या दरीत, म्हणजे फारोंच्या कबरींच्या दरीत, आणि कर्नाकच्या देवळात वेळ कमी पडतो, आणि वेळ ही वस्तू पॅकेजमध्ये सहसा मिळत नाही. खालचा सगळा मजकूर या एका कसोटीवर उभा आहे.

निघण्यापूर्वी

ऋतू आधी ठरवा. ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. मे ते सप्टेंबर दक्षिणेकडच्या लक्सर-अस्वानला पारा चाळिशीच्या आसपास राहतो आणि दुपारी बारानंतर उघड्यावरचं देऊळ पाहणं ही शिक्षा ठरते. रमजानमध्ये बरीच ठिकाणं लवकर बंद होतात, म्हणून तारखा कॅलेंडरशी ताडून घ्या.

व्हिसाचं काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा चालू आणि वापरलेला व्हिसा पासपोर्टवर असेल तर भारतीयांना विमानतळावर व्हिसा मिळण्याची सोय आहे. इतरांनी तो आधीच काढायचा. मुंबईत इजिप्तचं वाणिज्य दूतावास आहे. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी तिथे चौकशी करा. मुंबई-कैरो थेट विमान आहे.

पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी नवख्यांना अडवतात. पहिली, मोठ्या स्मारकांच्या खिडकीवर आता रोख पैसे घेत नाहीत, फक्त कार्ड चालतं. परदेशातल्या व्यवहारासाठी चालू करून घेतलेली व्हिसा किंवा मास्टरकार्डची दोन कार्डं जवळ ठेवा, दोन वेगळ्या बँकांची. रुपेवर विसंबू नका. एक कार्ड बँकेनं संशयावरून अडवलं की गिझाच्या उन्हात उभं राहून ग्राहक सेवेला फोन लावत बसावं लागतं. दुसरी, ऑनलाइन तिकिटं काढायची ती घरूनच काढा. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो आणि रोमिंग बंद असलं तर तो येतच नाही.

रुपये तिथे कोणी बदलून देत नाही, डॉलर न्या. मार्च २०२४ मध्ये इजिप्शियन पौंड एकदम घसरला आणि त्यानंतर डॉलरला पन्नासच्या आसपास राहिला आहे, म्हणजे एक पौंड साधारण पावणेदोन-दोन रुपये. जुन्या प्रवासवर्णनांतले दर त्यामुळे निरुपयोगी झाले आहेत. तिकिटांचे ताजे दर इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याच्या संकेतस्थळावरच पाहा. परदेशी माणसाचं तिकीट स्थानिकांच्या कितीतरी पट असतं. आपल्याकडे ताजमहालला आणि अजिंठ्याला हाच न्याय आहे, तेव्हा तक्रारीला जागा नाही. विद्यार्थ्यांनी मात्र आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र काढून न्यावं, बहुतेक ठिकाणी निम्मं तिकीट लागतं. कॉलेजचं साधं ओळखपत्र खिडकीवर चालेलच असं नाही.

ड्रोन नेऊ नका. विमानतळावर तो काढून घेतला जातो.

गिझा: स्वतंत्र जा, पण दार ओळखून

कैरोत उबर व्यवस्थित चालतं, त्यामुळे गिझाला पॅकेजची गरज नाही. अडचण दाराची आहे. २०२५ पासून पर्यटकांचं मुख्य प्रवेशद्वार फयूम रस्त्याच्या बाजूला नेलं आहे, आणि आत एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावर नेणाऱ्या इलेक्ट्रिक बस आहेत. नकाशावर नुसतं ‘पिरॅमिड’ टाकलं की चालक जुन्या दारांकडे नेतो, आणि तिथे ‘आज हे दार बंद, घोड्यावरूनच जावं लागतं’ असं सांगणारी मंडळी टपलेलीच असतात. काही जण तर चालत्या टॅक्सीला थांबवून पुढच्या सीटवर बसू पाहतात. ते सरकारी कर्मचारी नसतात. काच वर घ्या आणि चालकाला पुढे जायला सांगा.

आत शिरल्यावर क्रम असा ठेवा. दार उघडताच खूफूच्या पिरॅमिडपाशी जा, मग बसनं मागच्या उंचवट्यावर, जिथून तिन्ही पिरॅमिड एका नजरेत येतात, आणि शेवटी उतरत स्फिंक्सकडे. साडेनऊ-दहापर्यंत सहलींच्या बस येतात. तोवर तुमचं निम्मं झालेलं असतं.

खूफूच्या पिरॅमिडच्या पोटात जायचं वेगळं आणि महाग तिकीट आहे. ते काढावं का? आत चित्रं नाहीत, कोरीव लेख नाहीत. सुमारे सव्वा मीटर उंचीच्या चढत्या बोळातून कंबरेत वाकून जायचं, मग साडेआठ मीटर उंचीचा भव्य दालनमार्ग, आणि शेवटी ग्रॅनाइटची रिकामी खोली आणि तिच्यात रिकामी शवपेटी. बांधकामात रस असेल तर तो दालनमार्ग विसरता येत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि कोंडलेल्या जागेत जीव घाबरणाऱ्यांनी ते पैसे खाली सांगितलेल्या सक्कारा-दाहशूरच्या गाडीसाठी ठेवावेत.

उंटाबद्दल एकच. ठरलेला भाव वर चढण्याचा असतो, उतरण्याचा नसतो, असं नंतर कळतं. ‘चढणं, फिरणं, उतरणं, फोटो, सगळं मिळून इतके इजिप्शियन पौंड, सगळ्यांचे मिळून’ असं बोटं मोजून ठरवा आणि पैसे खाली उतरल्यावरच द्या.

सक्कारा आणि दाहशूर: दिवसभराची गाडी

बहुतेक पॅकेजमध्ये हे नसतंच, किंवा सक्कारा तासाभरात उरकतात. इजिप्तचा पिरॅमिड कसा घडत गेला ते इथेच दिसतं. सक्काऱ्याला जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड, इम्होतेपनं रचलेला. दाहशूरला स्नेफेरूचा वाकडा पिरॅमिड, ज्याचा उतार मधेच बदलावा लागला. आणि शेजारी त्याचाच लाल पिरॅमिड, जिथे गणित अखेर जमलं. गिझाचा खूफू हा या स्नेफेरूचा मुलगा.

इथे उबरनं जाणं होतं, परतणं होत नाही. दाहशूरला ॲपवर गाडी मिळत नाही आणि आणणारा चालक थांबलेला नसतो. म्हणून हॉटेलवरून किंवा ओळखीच्या चालकाकडून सकाळी आठ ते चार गाडी ठरवा. सक्कारा कैरोपासून तीसेक किलोमीटर, दाहशूर आणखी दहा. भाव ठरवताना थांबण्याचा वेळ आणि पेट्रोल धरून ठरवा, आणि ‘गालिच्याचं दुकान नको, अत्तराचं नको, पपायरसचं नको’ हे आधीच सांगा. मुद्दाम सांगितलं नाही तर गाडी तिथे वळतेच, कारण चालकाला दुकानदाराकडून कमिशन मिळतं.

सक्काऱ्याला मूळ तिकिटाखेरीज काही जागांची वेगळी तिकिटं असतात. ती सगळी दारातच घ्यावी लागतात, आतून परत फिरणं लांब पडतं. सेरापियम जरूर घ्या. भुयारात अपिस या पवित्र बैलांसाठी ठेवलेल्या अवाढव्य दगडी पेट्या आहेत. मेरेरुकाची मस्तबा, म्हणजे सपाट माथ्याची कबर, तीसहून जास्त खोल्यांची आहे, आणि मासेमारीपासून गुरांच्या मोजदादीपर्यंत सगळा संसार तिच्या भिंतींवर कोरलेला आहे. तेतीच्या पिरॅमिडमध्ये भिंतीवर पिरॅमिड-लेख, म्हणजे मेलेल्या राजासाठी कोरलेले मंत्र, दिसतात. गिझाच्या तिन्ही मोठ्या पिरॅमिडांत असं काही नाही.

लाल पिरॅमिडच्या आत जाणं दाहशूरच्या साध्या तिकिटात येतं. बाहेरून वर चढायचं, मग साठेक मीटरचा अरुंद उतार वाकून उतरायचा. आत अमोनियासारखा उग्र वास येतो, घाबरू नका. मांड्या दोन दिवस बोलतात. त्यामुळे खूफू आणि लाल पिरॅमिड दोन्ही आतून एकाच दिवशी करू नका, नाहीतर लक्सरच्या पायऱ्या रडत चढाल.

कैरोतल्या संग्रहालयांचं थोडक्यात. तुतांखामुनचा खजिना आता गिझाजवळच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहे. ते नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुलं झालं. वेळेचं तिकीट घरूनच काढा आणि किमान अर्धा दिवस द्या. राजांच्या ममी तिथे नाहीत. त्या एप्रिल २०२१ मध्ये फुस्तातच्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात हलवल्या. तहरीर चौकातलं १९०२ चं जुनं संग्रहालय म्हणूनच अनेक सहली आता गाळतात, पण गर्दी ओसरल्यावर ते जास्त निवांत पाहता येतं.

लक्सर: इथे पॅकेज सर्वांत महाग पडतं

पैशानं नव्हे, वेळेनं. बोटीची सहल साधारणपणे नाईलचा पश्चिम तीर एका सकाळीत उरकते: राजांची दरी, हातशेपसूतचं देऊळ, मेमनॉनचे पुतळे, मधे संगमरवरासारख्या दगडाचा ‘कारखाना’, म्हणजे दुकानच. लक्सरला किमान तीन पूर्ण दिवस काढा. दोन पश्चिमेला, एक पूर्वेला. कैरोहून विमान तासाभराचं, रेल्वे दहा तासांच्या आसपास.

पश्चिम तीरावरच मुक्काम केला तर पहाटेचा एक तास वाचतो. पूर्वेला राहिलात तर लक्सर देवळासमोरून सरकारी फेरी घ्या. ती काही पौंडांत पलीकडे नेते. धक्क्यावर ‘फेरी बंद आहे, माझी मोटरबोट घ्या’ असं ऐकू येईल. लोक चढताना दिसताहेत ना, मग त्यांच्यामागून चालत राहा. पलीकडे उतरून अर्ध्या दिवसाची टॅक्सी ठरवा.

राजांची दरी सकाळी सहाला उघडते. साध्या तिकिटात उघड्या असलेल्या कबरींपैकी तीन पाहता येतात आणि प्रत्येक दारावर तिकिटाची नोंद होते, म्हणून निवड विचारपूर्वक करा. कबरी आळीपाळीनं बंद असतात. दारावरची त्या दिवशीची यादी पाहूनच ठरवा.

बसचे गट दारापासून जवळच्या कबरींत शिरतात: रामसेस चौथा, रामसेस नववा. तुम्ही उलटं करा. आधी दरीच्या पार टोकाला जा. तिथे कड्याच्या खोबणीत लोखंडी जिन्यानं चढून जायची थुटमोस तिसऱ्याची कबर आहे, आणि आतली चित्रं पपायरसच्या गुंडाळीवर काढावीत तशी रेषांची, जवळजवळ बालहाताची वाटतात. तिथल्याच परिसरात तावस्रेत आणि सेतनख्तची लांबलचक कबर. मग परत येताना तिसरी म्हणून रामसेस तिसरा किंवा मेरेनप्ताह. पहिल्या दोन उघड्या असतील तर आमची पसंती हीच.

जादा तिकिटांचा हिशेब असा. तुतांखामुनच्या कबरीचं तिकीट जवळपास दरीच्या मूळ तिकिटाएवढं आहे. कबर लहान आहे, फक्त एका खोलीत चित्रं आहेत, पण राजाची ममी तिथेच आहे. सामान सगळं कैरोत. रामसेस पाचवा-सहावा यांच्या कबरीचं जादा तिकीट त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि छतावर नुत या आकाशदेवीच्या देहात सूर्याचा रात्रीचा अख्खा प्रवास रंगवलेला. पैशाच्या मोलात दरीतली ही सर्वांत चांगली खरेदी. सेती पहिल्याची कबर मूळ तिकिटाच्या अडीच-तीन पट, पण बेल्झोनीनं १८१७ मध्ये उघडलेली ही कबर दरीतली सर्वांत देखणी. एकच महागडं तिकीट परवडत असेल तर तुतांखामुन सोडा आणि हे घ्या.

कबरींच्या आत गाइडला बोलू देत नाहीत, तो बाहेर फलकापाशी उभा राहून सांगतो. म्हणजे पॅकेजच्या बाजूनं नेहमी सांगितलं जाणारं ‘माहिती मिळते’ हे कारण नेमकं इथे लंगडं पडतं. आदल्या रात्री दोन-चार देवता ओळखायला शिकून घ्या: ससाण्याच्या डोक्याचा होरस, कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस, हिरव्या चेहऱ्याचा ओसिरिस, डोक्यावर पीस लावलेली मात. निम्म्या भिंती आपोआप वाचता येतात.

दुसऱ्या सकाळी पॅकेज ज्या जागा गाळतात त्या. मेदिनेत हाबू, रामसेस तिसऱ्याचं देऊळ, खोल कोरीव काम आणि छताखाली टिकलेले रंग. देर अल-मदिना, कबरी कोरणाऱ्या कारागिरांचं गाव, सेन्नेजेमच्या इवल्याशा कबरीतल्या पिवळ्याधमक भिंती. रामसेयम, रामसेस दुसऱ्याचं देऊळ. या जागांची तिकिटं त्यांच्या दारात मिळतीलच असं धरून चालू नका. मेमनॉनच्या पुतळ्यांच्या थोडं पुढे पुरातत्त्व खात्याची खिडकी आहे, तिथून ती घ्यावी लागतात. टॅक्सीवाल्याला पहिल्यांदा तिथेच थांबायला सांगा, नाहीतर दारावरून परत पाठवतात आणि तेवढ्यात ऊन चढतं.

पाच-सहापेक्षा जास्त महागड्या जागा पाहणार असाल तर लक्सर पासचा हिशेब करून पाहा. साधा आणि प्रीमियम असे दोन प्रकार आहेत, आणि सेती पहिला व राणी नेफरतारी यांच्या दोन कबरी फक्त प्रीमियममध्ये येतात. नेफरतारीची कबर दुरुस्तीसाठी बंद राहत आली आहे, म्हणून ती उघडी आहे हे विचारल्याशिवाय प्रीमियमचे पैसे भरू नका. पाससाठी पासपोर्टची प्रत, फोटो आणि रोख डॉलर जवळ असू द्या.

कर्नाकला सकाळी सहाला दारात हजर राहा. १३४ खांबांचा तो मंडप रिकामा पाहायला मिळतो तो फार तर तासभर. नंतर बोटीवाले येतात. उत्तरेकडच्या लहानशा प्ताह देवाच्या देवळात अंधाऱ्या गाभाऱ्यात सेख्मेत या सिंहमुखी देवीची काळी मूर्ती आहे, वरच्या झरोक्यातून तिच्यावर प्रकाश पडतो. गट तिथवर सहसा पोचत नाहीत. लक्सरचं देऊळ मात्र दिवे लागल्यावर पाहा, ते रात्रीही उघडं असतं.

नाईलची बोट: तयार माल घ्यायला हरकत नाही

लक्सर ते अस्वान चार रात्री, उलट दिशेला तीन. राहणं, जेवण आणि प्रवास एकत्र मिळतो आणि थकलेल्या ज्येष्ठांना याहून सुखाचं काही नाही. पण दोन गोष्टी ठाऊक असू द्या. धक्क्यावर बोटी तीन-चार ओळींत एकमेकींना चिकटून उभ्या राहतात, तेव्हा ‘नाईलचं दृश्य’ असलेली खिडकी दुसऱ्या बोटीच्या खिडकीत उघडते. आणि एदफूला सगळ्या बोटी एकाच वेळी माणसं ओततात, मग होरसच्या देवळापर्यंत टांग्यांची रांग. ते घोडे बघवत नाहीत, टॅक्सी मागा.

बोट नको असेल तर अस्वानहून लक्सरपर्यंत गाडी करा. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आत आहे. वाटेत कोम ओम्बोचं जोडदेऊळ, एदफू आणि इस्ना, तिन्ही एका दिवसात होतात. इस्नाच्या देवळाच्या छतावरची काजळी साफ केल्यावर निघालेले रंग पाहण्यासारखे आहेत.

अस्वान आणि अबू सिंबेल

अस्वानपासून अबू सिंबेल २८० किलोमीटर, वाळवंटातला रस्ता, एका बाजूला तीन-साडेतीन तास. इथे बिनदिक्कत सहलीची बस घ्या. हॉटेलातून पहाटे चारच्या सुमारास उचलतात, दुपारी परत आणतात. बसच्या भाड्यात प्रवेश-तिकीट धरलेलं नसतं, हे विचारून घ्या. सगळ्या बस एकाच वेळी पोचतात आणि जेमतेम दोन तास देतात. गर्दी मोठ्या देवळात घुसते, म्हणून तुम्ही आधी नेफरतारीच्या लहान देवळात जा. १९६० च्या दशकात धरणाच्या पाण्यातून वाचवायला ही दोन्ही देवळं कापून वर आणून बसवली. सांधे शोधत बसा, एक खेळच होतो. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला सूर्य गाभाऱ्यात पोचतो, तेव्हा मात्र जागाच नसते. वेळ असेल तर अबू सिंबेल गावातच एक रात्र राहा. बस गेल्यावर देऊळ तुमचंच.

अस्वानजवळच्या बेटावरच्या फिलेच्या देवळाचं तिकीट धक्क्यावर मिळतं, होडीचे पैसे वेगळे. भाव होडीचा ठरवायचा, माणशी नाही. जाणं, तिथे दीड तास थांबणं आणि परतणं, सगळं धरून. पैसे परत काठावर आल्यावर. आधी दिले तर नावाडी अर्ध्या तासात हाका मारू लागतो. दोन-तीन अनोळखी प्रवासी एकत्र झाले तर होडी स्वस्त पडते.

बक्षीस आणि आकडे

शब्द आपलाच आहे, तिथे तो ‘बक्षीश’ होतो. स्वच्छतागृहाला पाच-दहा पौंड, खरोखर काही दाखवणाऱ्या रखवालदाराला दहा-वीस. बॅटरी हातात देणारा, ‘इथे उभे राहा, फोटो छान येतो’ म्हणणारा, दोरी उचलून आत बोलावणारा, या सगळ्यांना पैसे हवे असतात. नको असेल तर ‘ला, शुक्रन’ म्हणा आणि थांबू नका. थांबून समजावत बसणारा माणूस हमखास त्यांच्या तावडीत सापडतो. सुटे पैसे रोज सकाळी हॉटेलात मोडून घ्या. दोनशेची नोट काढली की सुटे कोणाकडेच नसतात.

अरबी आकडे विमानातच पाठ करा. पोकळ वर्तुळ म्हणजे पाच, आपलं शून्य नव्हे. शून्य म्हणजे नुसता ठिपका. इंग्रजी सातासारखा दिसतो तो सहा. व्ही म्हणजे सात, उलटा व्ही म्हणजे आठ. नोटांच्या एका बाजूला इंग्रजी आकडे असतात, पण परत मिळालेली पन्नासची नोट पौंडांची आहे की पियास्त्रांची, हे वाचून घ्या. शंभर पियास्त्रांचा एक पौंड होतो.

तरीही पॅकेजच घेणार असाल तर

आई-वडील सोबत असतील, लहान मुलं असतील किंवा आठच दिवसांची रजा असेल तर ते शहाणपणाचंच आहे. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या सहलींत जेवणाचा प्रश्न सुटलेला असतो, हा फायदा लहान नाही. एरवी शाकाहाऱ्यांनी कोशरी (भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर तळलेला कांदा), फूल (बाकल्याच्या दाण्यांची शिजवलेली उसळ) आणि तामिया (त्याच दाण्यांचे तळलेले वडे) यांवर दिवस काढावेत. ते चविष्ट आहेत, पण सातव्या दिवशी वरणभात आठवतो. मुलुखिया दिसायला पालकाच्या पातळ भाजीसारखी असली तरी बहुधा कोंबडीच्या रश्शात शिजवलेली असते. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र स्वयंपाकी सोबत असलेली सहलच पाहावी.

पैसे भरण्याआधी हे प्रश्न लेखी विचारा. राजांच्या दरीत किती तास, कर्नाकमध्ये किती? ‘प्रवेश शुल्क समाविष्ट’ म्हणजे जादा तिकिटाच्या कबरीसुद्धा का? अबू सिंबेल किंमतीत आहे की तिथे गेल्यावर वेगळे डॉलर मागणार? टिप रोज माणशी किती, आणि ती सक्तीची आहे का? दुकानांचे थांबे किती? सक्कारा आहे का? लक्सरला बोट सोडून एखादी रात्र आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाही असेल तर परतीचं विमान दोन दिवस पुढे घेता येईल का ते विचारा. गट कैरोला निघेल, तुम्ही लक्सरला मागे राहा. फेरी सकाळी लवकर सुरू होते आणि मेदिनेत हाबू त्या वेळी रिकामं असतं. त्याची तिकिटं मात्र आदल्या दुपारीच मेमनॉनजवळच्या खिडकीतून घेता येतात का ते विचारून ठेवा.